आधी नौकेची परीक्षा, मग श्वानांची

शिडाच्या नौकेचा नवा मालक पहिल्या फेरीचा बेत आखू लागला, की घरातली कुत्री आपोआप प्रवाशांच्या यादीत जाऊन बसतात. किनाऱ्यावर लाटांत मनसोक्त खेळणाऱ्या प्राण्याला नौकेवर कसली अडचण, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु पोहता येणे वेगळे आणि हलत्या, कलत्या फळीवर तासन् तास राहणे वेगळे. नौकेची चाचणी आणि श्वानांची चाचणी ही दोन स्वतंत्र कामे आहेत. ती एकाच दिवशी उरकू पाहिल्यास दोन्ही बिघडतात.

पहिल्या फेरीत नौकेचा प्रत्येक भाग पारखला जातो. दोर कप्पीत अडकतो, सुकाणू जड लागते, तळाशी कुठून तरी पाणी झिरपते, ऐन वेळी इंजिन सुरू होत नाही. मुंबई बंदरात पावसाळाभर किनाऱ्यावर ठेवलेली नौका नव्या मोसमात पाण्यात उतरते, तेव्हा जुन्या नौकेचीही पहिली फेरी चाचणीच असते. अशा प्रसंगी नौकेवरील प्रत्येक हात मोकळा हवा. त्याच क्षणी घाबरलेले कुत्रे दोरांच्या गुंत्यात शिरले, तर लहानशा बिघाडाचा अपघात होण्यास वेळ लागत नाही.

या बाबतीत रोआल्ड आमुंडसेन यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेचे उदाहरण बोलके आहे. त्यांच्या ‘फ्राम’ या शिडाच्या जहाजावर नवे डिझेल इंजिन बसविण्यात आले होते. १९१० च्या उन्हाळ्यात जहाजाने आधी उत्तर अटलांटिकमध्ये फेरी मारली आणि इंजिनातील दोष दुरुस्त करून घेतले. त्यानंतरच, ऑगस्टमध्ये, नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर ग्रीनलंडची ९७ कुत्री जहाजावर चढविली गेली. त्यांच्यासाठी मूळ डेकच्या किंचित वर फळ्यांचा दुसरा थर घातला होता. त्यामुळे पाणी खालून वाहून जाई आणि कुत्री कोरडी राहत. उष्ण कटिबंधातील उन्हापासून बचावासाठी वर कापडी छत होते. शिवाय कुत्र्यांची खलाशांमध्ये वाटणी करून प्रत्येकावर जबाबदारी सोपविली होती. जानेवारी १९११ मध्ये जहाज अंटार्क्टिकाला पोहोचले, तेव्हा वाटेत जन्मलेली पिल्ले धरून कुत्र्यांची संख्या ११६ झाली होती. ध्रुवाच्या वाटेवर पुढे त्यांतील अनेकांना मारण्यात आले, हेही विसरता येणार नाही. सागरप्रवासापुरती मात्र ती व्यवस्था आजही अनुकरणीय आहे.

श्वानाच्या दृष्टीने शिडाची नौका ही विचित्र जागा असते. वारा भरला की ती एका कुशीवर कलते आणि गुळगुळीत फायबरवर नखांना पकड मिळत नाही. दिशा बदलताना शिडाच्या तळाची आडवी काठी, म्हणजे बूम, वेगाने एका बाजूहून दुसरीकडे जाते. माणूस इशारा ऐकून डोके खाली घेतो. कुत्र्याला ते कळत नाही. शिडाची फडफडही त्याला बिथरवते.

म्हणून ओळख टप्प्याटप्प्याने करून द्यावी. प्रथम धक्क्याला बांधलेल्या नौकेवर कुत्र्याला थोडा वेळ बसवावे. मग जागेवरच, वारा मंद असताना, शीड उभारून खाली घ्यावे. इंजिनाचा आवाजही तेथेच ऐकवावा. धक्का नसेल आणि लहान होडीतून नौकेपर्यंत जावे लागत असेल, तर चढण्या-उतरण्याचा सराव वेगळा करावा. कुत्री एकाहून अधिक असल्यास प्रारंभी एकालाच न्यावे. एकाची भीती दुसऱ्यात चटकन पसरते.

प्रत्यक्ष सफरीच्या दिवशी सकाळी हलका आहार काही तास आधी द्यावा. अंगावर पाठीला मूठ असलेले लाईफ जॅकेट हवेच. पाण्यात पडलेल्या कुत्र्याला त्या मुठीने वर ओढता येते. दोरी गळपट्ट्याला कदापि बांधू नये, फास बसण्याचा धोका असतो. ती छातीपट्ट्याला आणि इतकी आखूड बांधावी की कुत्रे कठड्यापलीकडे जाणार नाही. बसण्याच्या जागी खरखरीत चटई अंथरावी. कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होते, म्हणून सावली अनिवार्य आहे. गोडे पाणी सतत समोर ठेवावे, अन्यथा तहानेने ते समुद्राचे पाणी पिते. त्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते जास्त प्यायल्यास उलट्या, जुलाब आणि पुढे झटकेही येऊ शकतात.

एक माणूस केवळ कुत्र्याकडे पाहणारा असावा. शीड वा सुकाणू त्याच्याकडे नसावे. पहिली फेरी तासाभराची, धक्का दृष्टीच्या टप्प्यात ठेवून केलेली असावी. सतत लाळ गळणे, वारंवार जांभया, थरथर आणि अंग चोरून बसणे ही त्रासाची लक्षणे होत. ती दिसताच ‘सवय होईल’ असे म्हणत पुढे न जाता परत फिरावे. पहिल्याच दिवशी बसलेली धास्ती काढण्यास पुढे कित्येक महिने लागतात. उलट, लवकर आटोपलेली सुखद फेरी पुढच्या खेपेला कुत्र्याला स्वतःहून नौकेकडे ओढून नेते.