काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो, मग रुंद टायर टाकावेत का?

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की मराठवाड्यातल्या मोबाइलवर एक रील हमखास फिरते. सोयाबीनच्या रानात ट्रॅक्टर आखापर्यंत रुतलाय, मागचं चाक जागच्या जागी फिरतंय आणि बांधावर उभे असलेले दहा जण अकरा सल्ले देतायत. खाली कमेंटमध्ये एक सल्ला ठरलेलाच. टायर रुंद टाका.

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. आणि अर्ध्या सल्ल्यापायी टायरच्या नव्या जोडीचे पैसे जातात.

भोकरसारख्या तालुक्यात हा प्रश्न हौसेचा नाही. सोयाबीन कापून पडलेलं असताना पाऊस लागला तर शेंगेतच कोंब फुटतात. वापशाची वाट बघायची तर माल जातो, आणि वापसा नसताना ट्रॅक्टर घातला तर तो रुततो. रुतला नाही तरी रान दबतं, त्याचा फटका पुढच्या पिकाला.

मुळात काळी माती अशी का वागते? बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारं रान पावसाळ्यात लोण्यासारखं होतं ते यामुळेच. अशा जमिनीवर सगळा खेळ वजन किती जागेवर पडतं याचा.

ढोबळ हिशोब करू. दोन टनांचा ट्रॅक्टर असेल तर मागच्या एका चाकावर साधारण 600 किलो येतात. कडक जमिनीवर ते चाक जेमतेम एका ए-फोर कागदाएवढ्या जागेवर टेकलेलं असतं. ही जागा वाढली की दाब कमी, दाब कमी की रुतणं कमी.

हेच गणित बर्फात चालतं. गुलमर्गला फिरायला गेलेल्यांनी स्नोमोबाइल पाहिली असेल. मागे पट्टा, पुढे दोन स्की. भुसभुशीत, खोल बर्फात चालवायची तर लोक साध्या सहा इंचांच्या आसपासच्या स्कीऐवजी सात-आठ इंचांच्या रुंद स्की बसवतात, म्हणजे नाक बर्फात घुसत नाही. पण तीच गाडी दाबून कडक केलेल्या वाटेवर आणली की हँडल जड लागतं. तिथे वळवण्याचं काम रुंदी करत नाही, स्कीच्या तळाची उभी धार करते.

ट्रॅक्टरचे पुढचे टायर म्हणजे आपल्याकडच्या स्कीच. टू-व्हील ड्राइव्हमध्ये त्यांना इंजिनाची ताकद मिळत नाही, ते फक्त वजन पेलतात आणि दिशा देतात. त्यांच्यावरच्या गोल उभ्या रेघा ही त्यांची धार. 6.00-16 च्या जागी 7.50-16 टाकला तर ओल्या रानात पुढचं तोंड कमी बुडतं. पण पॉवर स्टिअरिंग नसेल तर बांधावर वळवताना खांदे भरून येतात.

रुंदीपेक्षा हवा महत्त्वाची

आता मागचे टायर. 13.6-28 असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा रुंदी इंचांत, दुसरा रिमचा व्यास. 13.6 वरून 14.9 वर गेलात तर रुंदी दहा टक्केही वाढत नाही. उलट, रस्त्यासाठी 20 पीएसआय हवा भरलेली असेल आणि रानात उतरताना ती 13 वर आणली, तर टेकणारी जागा अंदाजे दीडपट होते. कारण टायर जमिनीवर जेवढा दाब देतो तो त्याच्यातल्या हवेच्या दाबाच्या आसपास असतो. याला खर्च शून्य, फक्त हवा मोजायचं मीटर हवं. मात्र कमी हवेवर भरलेली ट्रॉली ओढत भोकरच्या बाजार समितीत जाऊ नये. टायरच्या बाजू दुमडतात आणि गाडी डोलते. किती हवा चालेल तो नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. (पुस्तिका बहुतेकांच्या घरी कपाटात पॅकबंद असते, तो भाग वेगळा.)

अनेकांनी मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असतं. नांगरटीला ते बरोबर, पकड मिळते. पण शंभरावर लिटर पाणी म्हणजे शंभरावर किलो, आणि चिखलात तेच ओझं चाकाला खाली नेतं.

खरा गुन्हेगार बऱ्याचदा मागे असतो, ट्रॉली. तिचे टायर अरुंद, त्यांत हवा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त आणि वर पोत्यांची थप्पी. ट्रॅक्टरला रुंद टायर घालून ट्रॉली तशीच ठेवली तर रान ट्रॉली कापते. ओल्या दिवसांत ट्रॉली बांधावर उभी करून अर्ध्या-अर्ध्या खेपा आणणं कंटाळवाणं आहे, पण उपयोगी आहे. शिवाय मातीचा वरचा थर टायरच्या दाबानं आवळतो, तर खोलवरचा थर आखावरच्या एकूण वजनानं. म्हणून रुंद टायर आले म्हणून ओझं वाढवलं, तर वरून दिसत नाही, पण खाली रान घट्ट होत जातं.

तळ कुठे आहे ते बघा

रुंद की अरुंद, हे ठरतं चिखलाखाली काय आहे त्यावर. टेकडीच्या बाजूच्या हलक्या रानात वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तिथे अरुंद चाक चिखल कापून तळाला टेकतं आणि चालू लागतं. जुन्या बैलगाडीची लोखंडी धाव अरुंद असूनही अशा वाटेवर निघायची ती यामुळेच. रुंद टायर तिथे उलट चिखल पुढे ढकलत बसतो. नाल्याकाठच्या खोल काळ्या रानात मात्र तळच लागत नाही. तिथे बुडायचंच नाही, तरंगायचं, आणि तिथे रुंदी कामाला येते.

अडचण पिकाची. सोयाबीनच्या दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर असतं. 13.6 चा टायर सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर, तो कसाबसा निघतो. 16.9 चा जवळपास 43, म्हणजे फवारणीला गेलात की दोन्हीकडची झाडं आडवी. 14.9 मधला, पण ड्रायव्हरचा हात बसलेला हवा.

यावर आणखी एक वाट आहे, चाकाची जागाच ठरवून टाकायची. हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या इक्रिसॅटने 1970 च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धतीवर काम केलं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही सोयाबीनसाठी बीबीएफ पेरणीची शिफारस करतं. यात पीक वरंब्यावर, चाकं सरीत. जास्तीचं पाणी सरीतून निघतं आणि पिकाखालची माती दबत नाही. एरवी ‘चाकोरीबद्ध’ शब्द आपण टोमण्यासारखा वापरतो, इथे चाकोरी पाळणं फायद्याचं.

टायर बदलायचेच असतील तर नवा टायर जुन्या रिमवर बसतो का आणि मडगार्डला घासतो का, हे आधी तपासा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर फक्त पुढची किंवा फक्त मागची जोडी वेगळ्या मापाची टाकू नका. दोन्ही आखांच्या फिरण्याचं प्रमाण जुळवलेलं असतं, ते बिघडलं की गिअरवर ताण येतो.

आणि ट्रॅक्टर रुतलाच तर? रीलमध्ये दिसतं तसं मागच्या चाकापुढे लाकडाचा ओंडका बांधून रेस देऊ नका. चाक अडलं की इंजिनाची ताकद चाकाऐवजी ट्रॅक्टरलाच फिरवते, पुढचं तोंड उचललं जातं आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. हे इतक्या झटक्यात होतं की उडी मारायला वेळ मिळत नाही. ट्रॉली सोडा, चाकापुढची माती फावड्यानं काढा आणि दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढा. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा, आखाच्या वर कुठेही नाही. आणि साखळी ताणलेली असताना बांधावरच्या त्या दहा जणांना लांब उभं करा, मोबाइलवाल्याला सगळ्यात आधी.