अनेक प्लॅटफॉर्मांसाठी सामायिक कोडची रचना

अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही प्रणालींसाठी एकच अ‍ॅप तयार करावयाचे असता, कोणता कोड एकदाच लिहावा आणि कोणता पृथक् ठेवावा, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. व्याज-आकारणीचा एकच नियम दोन ठिकाणी लिहिला की कालांतराने त्यांत भेद पडतो. उलटपक्षी, स्वभावतःच भिन्न असलेल्या गोष्टी बळाने एकत्र आणल्यास सामायिक भागच दुर्बोध होतो. जेटब्रेन्स कंपनीच्या कोटलिन भाषेतील बहुप्लॅटफॉर्म पद्धती, जी नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून घोषित झाली, या प्रश्नाचा उलगडा करण्यास उपयुक्त आहे.

या पद्धतीत कोड निरनिराळ्या संचांत विभागला जातो. ‘कॉमनमेन’ हा संच सर्व लक्ष्यांसाठी असतो, तर ‘अँड्रॉइडमेन’ केवळ अँड्रॉइडसाठी. या दोन टोकांमध्ये मधले संचही असू शकतात. उदाहरणार्थ, ‘आयओएसमेन’ हा संच प्रत्यक्ष आयफोन आणि संगणकावरील सिम्युलेटर या दोन्ही लक्ष्यांना समान असतो. येथे अवलंबन एकाच दिशेचे असते. विशेष संच सामान्य संचाचा उपयोग करू शकतो. सामान्य संचास मात्र विशेषाचे ज्ञान नसते. म्हणूनच जावाचा ‘फाइल’ हा वर्ग कॉमनमेनमध्ये योजल्यास कम्पायलर तो नाकारतो.

तथापि सामान्य कोडला कित्येकदा प्रणालीच्या साहाय्याची गरज पडतेच. अशा वेळी त्यात ‘एक्स्पेक्ट’ या शब्दाने केवळ अपेक्षा नोंदविली जाते, व प्रत्येक लक्ष्यासाठी ‘अ‍ॅक्च्युअल’ या शब्दाने तिची पूर्ती केली जाते. अनन्य ओळखचिन्ह निर्माण करणारे फंक्शन अँड्रॉइडवर जावाच्या, तर आयओएसवर अ‍ॅपलच्या ग्रंथालयाचा आधार घेते. एखाद्या लक्ष्यासाठी पूर्ती राहून गेल्यास त्या लक्ष्याचे संकलन थांबते. चूक वापरकर्त्यापर्यंत पोहोचत नाही.

परंतु सामायिकतेलाही मूल्य द्यावे लागते. ड्रॉपबॉक्स कंपनीने २०१३ पासून सी प्लस प्लस भाषेतील कोड दोन्ही प्रणालींवर सामायिक ठेवला होता. २०१९ मध्ये तिने हे धोरण सोडल्याचे जाहीर केले. स्वतःची साधने व ग्रंथालये सांभाळण्याचा भार, तोच कोड दोनदा लिहिण्याहून अधिक ठरला, असा तिचा निष्कर्ष होता.

तात्पर्य, किती ओळी वाचल्या हा खरा निकष नव्हे. प्रणाली बदलली तरी जो नियम बदलत नाही, तोच सामायिक संचात ठेवणे इष्ट होय.