इराणची पात्रे आणि इनामगावची माती

पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया (१९०८-१९८९) यांच्या संशोधनाचा आरंभ नालंदा विद्यापीठावरील ग्रंथाने (१९३४) झाला. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. पुढे नर्मदाकाठी नावडातोली येथे त्यांना पन्हळीसारखी तोटी असलेले पेले सापडले. इराणमधील सियाल्कच्या पात्रांशी त्यांचे साम्य पाहून त्यांनी प्राचीन भारत-इराण संबंधांचा तर्क मांडला. आर्यांच्या आगमनाशीही त्याची सांगड घातली.

१९६८ पासून शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावी दीर्घकाळ उत्खनन झाले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शंभराहून अधिक घरे उजेडात आली. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी अखेरीस लहान गोल झोपड्या आल्या. या ऱ्हासाचे कारण डॉ. म. के. ढवळीकरांनी परकीय आक्रमणात नव्हे, तर घटत्या पर्जन्यमानात शोधले. १९८८ च्या उत्खनन-अहवालावर ढवळीकर व अन्सारी यांच्यासह सांकलियांचेही नाव आहे.

पात्रांच्या साम्यावरून संपर्काचा प्रश्न उपस्थित करता येतो. माणसांचा वंश ठरविता येत नाही. तर्क कितीही आकर्षक असो, अखेरचा शब्द पुराव्याचाच असतो.