बालकांचे भावनिक अस्वास्थ्य : कारणमीमांसा

मौदा हे नागपूर-भंडारा मार्गावर कन्हान नदीकाठी वसलेले तालुक्याचे गाव. तेथील शाळेतला एक आठ वर्षांचा मुलगा अकस्मात भांडखोर झाला आहे, अशी कल्पना करू. आईवडील मजुरीसाठी परगावी गेलेले. तो आजीपाशी राहतो. शिक्षक त्यास द्वाड समजून शिक्षा करतात. परंतु हा द्वाडपणा दुःखातून उद्भवला असेल काय, हे प्रथम पाहावयास हवे.

दीर्घ मातृवियोगामुळे बालकाच्या भावनिक विकासास बाध येतो, असे जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात प्रतिपादिले. मायकेल रटर यांनी १९७२ साली या मताची चिकित्सा केली. केवळ वियोग, घरातील कलह आणि जिव्हाळ्याचा संबंध मुळातच न जुळणे, ही कारणे परस्परांहून भिन्न होत, असे त्यांनी दाखविले.

तथापि आपत्ती म्हणजे अटळ भवितव्य नव्हे. हवाईतील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनी प्रौढपणापर्यंत अभ्यास केला. दारिद्र्य, कलह अशा अनेक आपत्तींत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले समर्थ निपजली. त्यांना बहुधा आजी, शिक्षक अशा एखाद्या व्यक्तीचा स्थिर आधार लाभला होता.

यास्तव त्या मुलाविषयी पहिला प्रश्न 'शिक्षा कोणती?' हा नसून 'याच्यापाशी नित्य कोण आहे?' हा होय. आजी आहेच, शिक्षकही तसा आधार होऊ शकतात. शिक्षेने मात्र तो दुसरा आधार तुटतो.