यूएसबी संथ चालते, तेव्हा आधी आकडा बघा

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक काका भेटायला आले. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर 200 जीबी फोटो आणि व्हिडिओ, मुलीच्या लग्नापासून नातवाच्या बारशापर्यंतचे. कॉम्प्युटरवर उतरवायला दीड तासाच्या वर वेळ लागत होता. म्हणाले, "डिस्क जाणार का हो?" मी विचारलं, "वेग किती दाखवतोय?" "35 एमबी." मी म्हटलं, "मग डिस्क राहू द्या, आधी वायर बघा."

हे मी कशावरून म्हटलं, ते सांगतो.

2000 साली आलेल्या यूएसबी 2.0 चा वेग सेकंदाला 480 मेगाबिट. आपल्याला स्क्रीनवर दिसतात ते मेगाबाइट, आणि 8 बिटांचा एक बाइट. म्हणजे झाले 60. त्यातला काही भाग दोन्ही बाजूंच्या आपसातल्या देवाणघेवाणीत जातो. हातात उरतात 30 ते 40. यूएसबी 3.0 आलं 2008 मध्ये, वेग 5 गिगाबिट, म्हणजे दहापट. तेव्हा नवी डिस्क 30-40 वरच अडकली असेल, तर जोडणी जुन्या वेगावर उतरली आहे, असं समजा.

का उतरते? यूएसबी 3.0 च्या चौकोनी प्लगमध्ये जुन्या 4 संपर्कपट्ट्यांखेरीज 5 जास्तीच्या असतात. त्या नीट टेकल्या नाहीत, तर काम बंद पडत नाही, जुन्या 4 पट्ट्यांवर चालू राहतं. म्हणून तर आपल्या लक्षात येत नाही! टाइप-सीच्या बऱ्याच चार्जिंग वायरी डेटासाठी यूएसबी 2.0 च्याच असतात. काकांची मूळ वायर हरवली होती, त्यांनी मोबाइलची लावली होती.

घरी तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी प्लग काढून पूर्ण आत बसवा. मग वायर बदला. मग पोर्ट बदला, मधला हब काढून टाका. आणि प्रत्येक वेळी तीच एक मोठी फाइल कॉपी करा. हजारो छोट्या फाइली घेतल्या तर प्रत्येकीची नोंद करण्यातच वेळ जातो, आणि आकडा फसवतो.

पेनड्राइव्हचं निराळं. सुरुवातीला वेग भरपूर, मग एकदम घसरतो. आधीचा वेग बऱ्याचदा तात्पुरत्या मेमरीचा असतो, नंतरचा पेनड्राइव्हचा खरा. तिथे वायर बदलून काही होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वेग शून्यावर येतो, थांबतो, पुन्हा चालू होतो, ठरावीक फाइलीपाशीच अडकतो, आणि वायर बदलूनही तेच, तर डिस्कच बिघडत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी तपासण्या करत बसू नका, दुरुस्तीचं सॉफ्टवेअरही चालवू नका. जे पुन्हा मिळणार नाही, ते आधी कॉपी करून घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तेही नको. ती लगेच काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

काकांनी वायर बदलली, काम अर्ध्या तासावर आलं. पण त्यांना मी एवढंच म्हटलं, की आता डिस्कवरचे फोटो पुसू नका. प्रत दोन ठिकाणी असू द्या.