‘तुंबाड’ घरी काळाकुट्ट दिसतो? दोष सिनेमाचा की टीव्हीचा, असे ओळखा

वणी : बाहेर विदर्भाचे ऊन, हॉलची खिडकी उघडी आणि टीव्हीवर ‘तुंबाड’. पाच मिनिटांत घरातले कोणीतरी म्हणणार, ‘प्रिंटच खराब आहे.’ मग रिमोट घेऊन ब्राइटनेस वाढवला जातो. चित्र सुधारत नाही, काळे होते ते राखाडी होते. नवा टीव्ही घ्यायचा विषयही इथेच निघतो. त्याआधी थोडे थांबा.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा २०१८ चा चित्रपट गडदच आहे. छायाचित्रणकार पंकज कुमार यांनी ढगाळ उजेड, संततधार पाऊस आणि दिव्या-कंदिलाचा प्रकाश यांवर तो उभा केला. करडा रंग ही निवड आहे, बिघाड नव्हे.

मग दर्जा तपासायचा कसा? अंधार किती आहे ते सोडा, अंधारात काय दिसते ते पाहा. विनायक दोरीने गर्भात उतरतो ते दृश्य लावा. उजेड भिंतीवर हळूहळू विरत गेला तर ठीक. दिव्याभोवती नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी वलये दिसली, तर दोष स्ट्रीमिंगचा किंवा पॅनेलचा. ८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या जास्तीत जास्त २५६ पायऱ्या असतात आणि गडद भागाच्या वाट्याला मोजक्याच येतात. त्यात नेट मंदावले की अ‍ॅप कमी डेटाचे चित्र पाठवते आणि अंधारातले बारकावे आधी जातात. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत वाव असतो. स्ट्रीमिंग त्याच्या बरेच खाली चालते.

पावसाची परीक्षा आणखी कठीण. प्रत्येक फ्रेममध्ये थेंब बदलतात, त्यामुळे डेटा कमी पडला की धारांचा चिखल होतो.

सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत हलत असेल, तर मात्र तो टीव्हीचा आगाऊपणा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः बनवतो. ही सोय बंद करा. ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड निवडा. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल, कारण डोळ्यांना शोरूममधल्या निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते.

शेवटी पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा. तरीही कंदिलामागचा चेहरा दिसत नसेल, तरच ब्राइटनेस एकेका अंकाने वाढवा. काळे राखाडी होऊ लागले की तिथेच थांबा.