प्रौढांचा इंग्रजीचा पहिला वर्ग



वसई तालुक्यातली एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळ झाली आहे, शाळेची एक खोली उघडली आहे, आणि बाकांवर मुलांच्या ऐवजी मुलांचे आईबाप, आजीआजोबा बसले आहेत. कुणी पहाटेच्या लोकलनं फुलं घेऊन दादरच्या बाजाराला जाऊन आलं आहे, कुणाची केळीची बाग आहे, कुणी कारखान्यातून सुटून थेट इकडे आलं आहे. ही मंडळी इंग्रजी शिकायला आली आहेत आणि वर्ग तुम्हांला घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करायची?

आपला हात आपोआप खडूकडे जातो आणि फळ्यावर ए, बी, सी, डी उमटू लागतात. मुलांच्या वर्गात ते ठीक आहे. मुलापुढं दहा वर्षं पडलेली असतात. प्रौढ माणूस मात्र दिवसभर राबून, घरचं काम मागं टाकून आलेला असतो. आज शिकलेलं उद्या उपयोगी पडलं, तर तो परवा पुन्हा येतो. नाहीतर आठवड्याभरात बाक रिकामे दिसू लागतात, आणि दोष त्याच्या वयाला दिला जातो. 'पिकल्या पानाला काय शिकवायचं,' असं म्हणून आपण मोकळे होतो. ते खरं नाही.

म्हणून पहिल्या दिवशी शिकवू नका, विचारा. 'मावशी, इंग्रजी कुठं अडतं?' उत्तरं ऐकण्यासारखी असतात. नातवाच्या शाळेतून चिठ्ठी येते, ती वाचता येत नाही. बँकेतला कागद दुसऱ्याच्या भरवशावर भरावा लागतो. औषधाच्या पाकिटावरची तारीख कळत नाही. ही उत्तरं वहीत लिहून घ्या. तोच तुमचा अभ्यासक्रम. औषधाच्या पाकिटावर ई, एक्स, पी ही तीन अक्षरं दिसली की त्यांच्यापुढं औषध बाद होण्याची तारीख असते, एवढं ज्या बाईला त्या दिवशी समजलं, ती घरी जाऊन आधी फळीवरचा औषधांचा डबा उघडील. तिचा पहिला धडा झाला.

दुसरी गोष्ट लाजेची. प्रौढ माणसाला अक्षर चुकण्याचं भय नसतं, हसं होण्याचं असतं. घरात इंग्रजी शाळेत जाणारं पोर आजीच्या उच्चारावर हसलेलं असतं, ते तिच्या मनात असतं. तेव्हा 'तुम्हांला काहीच येत नाही' असं धरून चालू नका. उलट विचारा, 'तुम्हांला किती इंग्रजी शब्द येतात?' सगळे म्हणतील, 'एकही नाही.' मग म्हणा, 'आज सकाळपासून काय काय केलं ते सांगा पाहू.' स्टेशन, तिकीट, पास, फास्ट, स्लो, लेट, सिग्नल, डॉक्टर, इंजेक्शन, बँक, बिल, मोबाईल, रिचार्ज असे शब्द निघू लागतील. ते फळ्यावर लिहीत जा. फळा भरेल, शब्द संपणार नाहीत. पाटी कोरी नव्हती, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

आणि यात नवल काहीच नाही. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. पोर्तुगीज गेले, पण चावी, बादली, पगार, लिलाव, कोबी, बटाटा हे त्यांच्या भाषेतले शब्द मराठीत राहिले. ज्यांनी ते उचलले, ते काही पोर्तुगीज व्याकरण शिकायला बसले नव्हते. बाजारात, कामावर, गरजेपोटी शब्द तोंडात बसले. पुढं १८६७ साली विरारहून मुंबईला आगगाडी सुरू झाली, आणि तिच्याबरोबर तिचे इंग्रजी शब्दही वाडीवाडीत आले. शिवाय इथला माणूस घरी कादोडी, वाडवळी, आगरी किंवा कोळी बोली बोलतो, शाळेत नि कचेरीत प्रमाण मराठी बोलतो, गाडीत हिंदीवर निभावून नेतो. म्हणजे इंग्रजी ही त्याची चौथी भाषा झाली. तीन वाटा चाललेल्या माणसाला चौथी वाट दाखवायची आहे, हे शिक्षकानं विसरू नये.

आता अक्षरं. ती शिकवायचीच, पण क्रमानं नव्हे, कामानं. रेल्वेच्या फलाटावर जी पाटी असते, तिच्यावर एकच नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत लिहिलेलं असतं. यासारखं आयतं पुस्तक दुसरं नाही! विरार हे नाव घ्या. त्यात व्ही, आय, आर, ए ही चार अक्षरं आहेत. पुढचं स्टेशन नालासोपारा. त्यात एन, एल, एस, ओ, पी ही पाच नवी मिळतात. वसई रोडमध्ये डी नवं, नायगावमध्ये जी नवं. चार स्टेशनांत सव्वीसपैकी अकरा अक्षरं हाती आली, आणि तीही रोज नजरेखालून जाणारी. मग प्रत्येकानं स्वतःचं नाव लिहावं. नाव लिहिता आलं की हात आपोआप पुढं सरकतो.

अक्षरांबरोबरच पहिल्या दिवसापासून बोलणं हवं. इथं मराठी माणसाची अडचण नेमकी कुठं होते, ते शिक्षकाला ठाऊक पाहिजे. आपण म्हणतो, 'मी फुलं विकते.' क्रियापद शेवटी. इंग्रजी म्हणतं, 'आय सेल फ्लॉवर्स.' म्हणजे 'मी विकते फुलं.' हे व्याकरणाच्या भाषेत सांगू नका. तिघांना पुढं बोलवा. एकाच्या हाती 'मी', दुसऱ्याच्या हाती 'फुलं', तिसऱ्याच्या हाती 'विकते' अशी चिठ्ठी द्या. मराठी वाक्य म्हणून घ्या आणि मग शेवटच्या दोघांना जागा बदलायला सांगा. वर्ग हसेल, पण नियम कुणी विसरणार नाही.

आपण 'माझं नाव शांता' एवढंच म्हणतो. 'आहे' गाळलं तरी मराठीत चालतं. इंग्रजीत 'इज' गाळून चालत नाही. म्हणून 'माय नेम इज शांता' हे वाक्य अख्खंच, गाण्याच्या ओळीसारखं पाठ करून घ्या.

तिसरी अडचण मानाची. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या आहेत. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना 'यू'. डॉक्टरांना 'यू' म्हणताना आपल्या माणसाची जीभ अडते. त्याला वाटतं, आपण अरेतुरे करतो आहोत. त्याला समजावून सांगा की मान तिथं दुसरीकडं ठेवलेला असतो. मराठीत 'पाणी द्या' म्हटलं की 'द्या' मध्येच आदर येतो. इंग्रजीत क्रियापद आदर दाखवत नाही, म्हणून 'प्लीज' हा शब्द लावावा लागतो. 'वॉटर, प्लीज.' एवढं कळलं म्हणजे तो उगाच उद्धट ठरत नाही.

आकड्यांना एक अख्खी संध्याकाळ द्या. आपण 'तेवीस' म्हणताना आधी तीन उच्चारतो, मग वीस. इंग्रजीत वीस आधी आणि तीन मागून, 'ट्वेंटी थ्री'. त्यामुळं ऐकून लिहिताना तेवीसचे बत्तीस होतात. एकोणतीसमध्ये 'तीस' ऐकू येतो, म्हणून माणूस 'थर्टी नाइन' म्हणून बसतो. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांचा घोळ तर नेहमीचाच. पहिला तेरा, दुसरा तीस. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलताना हा घोळ थेट खिशाला लागतो. म्हणून वर्गातच खोटा बाजार मांडा. एक विकणारा, एक घेणारा. भाव इंग्रजीत, आणि हिशेब बरोबर निघालाच पाहिजे.

वर्ग एका तासापेक्षा लांबवू नका. पहिली दहा मिनिटं कालची उजळणी. पुढची वीस मिनिटं नवी चार वाक्यं, आधी ऐकायची आणि मग म्हणायची. त्यापुढं पंधरा मिनिटं दोघादोघांनी एकमेकांशी बोलायचं. शेवटची पंधरा मिनिटं वाचन आणि लेखन. बोलणारा मध्येच चुकला तर त्याला अडवू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, मग तेच वाक्य तुम्ही नीट म्हणून दाखवा. आणि चार लोकांत कुणाला 'चूक!' असं म्हणू नका. तो शब्द मोठ्या माणसाला पुन्हा लहान करतो.

कुणी विचारील, घरसंसार सांभाळून हे जमतं का? रमाबाई रानडे यांचं उदाहरण सांगा. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. आधी मराठी आणि मग इंग्रजी त्या सासरी शिकल्या, आणि तेही घरातल्या बायकांची नाराजी नि टोमणे सोसून. याच रमाबाईंनी पुढं पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहिली. पण ध्यानात घ्या, १९१० साली त्यांनी आपल्या आयुष्याच्या आठवणी प्रसिद्ध केल्या त्या मराठीत. इंग्रजी आलं म्हणून त्यांची मराठी मागं पडली नाही.

शिक्षकमित्रहो, शेवटी एवढंच सांगायचं. आपल्या वर्गातून बाहेर पडणारा माणूस इंग्रजीत भाषण करणार नाही, आणि करायलाही नको. पण बँकेतला कागद हाती आला की तो 'वाच रे जरा' म्हणत शेजाऱ्याकडे धावणार नाही. आधी स्वतः डोळ्यांपुढं धरील, चार शब्द ओळखील, जो कळला नाही त्याच्यावर बोट ठेवून 'याचा अर्थ काय?' असं विचारील, आणि समजल्यावाचून सही करणार नाही. हे बोट ठेवायचं धाडस त्याला दिलंत, की तुमचा वर्ग पुरा झाला असं खुशाल समजा.